बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू

मनुष्य घर बांधतो तें आपल्या कुटुंबासाठीं. परंतु वास्तुशांति असो वा गृहार्पणाची प्रार्थना असो, ती आटोपून चार दिवस लोटतात न लोटतात तोंच कांहीं न बोलावलेलीं बिऱ्हाडें तेथें येऊन दाखल होतात. साखरेच्या डब्यावर मुंग्या, मोरींत झुरळें, खाटेंत ढेंकूण आणि पलंगाखालीं शेजाऱ्याचें मांजर! ह्यांपैकीं कोणीहि भाडें देत नाहीं. आणि जागा रिकामी करण्याची नोटीस दिली तरी ती कोणी मानीत नाहीं. नोहाच्या तारवांत ही सर्व मंडळी गुण्यागोविंदानें नांदली असेल; परंतु आपल्या दोन-तीन खोल्यांत ती तशी नांदत नाहीं, हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव आहे.

अशा वेळीं आपणांस बहुधा दोनच उपाय सुचतात. एक हातांतील चप्पल व दुसरा विषारी फवारा. दहा मुंग्या चिरडल्या तरी वारुळांत हजारों शिल्लक असतात, आणि फवाऱ्याचें विष किड्याइतकेंच रांगणाऱ्या बाळाच्या हातालाहि लागतें. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशांतलाच हा प्रकार होय. यास्तव आमचें सांगणें असें आहे कीं, कोणताहि प्राणी उपद्रव देऊं लागला म्हणजे प्रथम तीन प्रश्न विचारावे: हा येथें काय खावयास आला? कोणत्या वाटेनें आला? आणि ह्याचीं अंडीं-पिलें कोठें वाढतात? ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं निम्मा उपाय झालाच म्हणून समजावें.

प्रथम मुंगीच घेऊं. आळशी मनुष्यानें मुंगीपासून धडा घ्यावा असा उपदेश शलमोन राजानें केला आहे. परंतु तिचा उद्योग आपल्या गुळाच्या ढेपेवर चालू झाला म्हणजे तो उपदेश कोणास आठवत नाहीं. मुंग्यांची रांग इतकी सरळ कशी चालते, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनीं केला आहे काय? अन्नाच्या शोधार्थ निघालेल्या एखाद्या मुंगीला गोड पदार्थ सांपडला कीं, घरीं परततांना ती आपलें पोट जमिनीस टेंकवीत एक गंधयुक्त द्रव्य वाटेवर सोडीत जाते. त्या गंधाच्या मागानें इतर मुंग्या येतात व त्याहि परततांना तोच गंध अधिक दाट करितात. म्हणून मुंग्या मारीत बसण्यापेक्षां तो रस्ता पुसून टाकणें हा खरा उपाय होय. सांडलेला गोड कण उचलावा, रांगेची सगळी वाट साबणाच्या पाण्यानें पुसावी, आणि ज्या भेगेंतून रांग निघते ती चुन्यानें वा सिमेंटानें बुजवावी. मुंग्यांसाठीं जो विषारी खडू बाजारांत मिळतो तो शाळेंतील खडूसारखाच दिसतो, ही गोष्ट पालकांनीं विसरूं नये. ज्या घरांत लहान मूल आहे त्या घरांत तो आणूंच नये हें बरें.

आपल्या आज्या दुभत्याच्या कपाटाच्या पायांखालीं पाण्यानें भरलेल्या वाट्या ठेवीत असत. मुंग्यांना ती खंदकच वाटे. युक्ति उत्तम आहे. परंतु तीत एक धोका दडलेला आहे. त्या वाटींतील पाणी आठ-दहा दिवस तसेंच राहिलें तर मुंग्या अडतील आणि डांस जन्मास येतील. एका उपद्रवास हाकलतांना दुसऱ्यास आमंत्रण दिल्यासारखें होईल. म्हणून आठवड्यांतून दोन वेळां तें पाणी ओतून वाटी घासून ठेवावी.

डांसाविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण येथें नुसत्या कटकटीचा प्रश्न राहत नाहीं, जिवाचा प्रश्न उभा राहतो. सन १८९७ च्या ऑगस्ट महिन्याच्या २० तारखेस सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस नांवाच्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं डांसाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु आढळले. ह्या संशोधनाबद्दल त्यांस १९०२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दूषित हवेनें हिंवताप येतो ही जुनी समजूत त्यामुळें मागें पडली. चावते ती केवळ डांसाची मादी. अंडीं तयार होण्यासाठीं तिला रक्त लागतें. अंड्यापासून पंख फुटलेला डांस होण्यास आपल्या उष्ण हवेंत सुमारें आठ-दहा दिवस पुरतात. हिंवतापाचा डांस रात्रीं चावतो. परंतु ज्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात तो डेंग्यूचा डांस दिवसां चावतो, आणि त्याला गटारापेक्षां घरांतील स्वच्छ पाणीच अधिक प्रिय असतें. तो आपलीं अंडीं पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आंतल्या बाजूस चिकटवितो. तीं अंडीं कोरडीं होऊनहि महिनेच्या महिने जिवंत राहतात व पुन्हां पाणी मिळतांच फुटतात. ह्यावरून पाणी नुसतें ओतून दिल्यानें काम कां भागत नाहीं तें ध्यानांत येईल. भांडें आंतून काथ्यानें घासलें पाहिजे.

आठवड्यांतून एक वार ठरवून घरांतील सर्व पाण्याचीं भांडीं रिकामीं करून, घासून, कोरडीं करावीं. पिंपें आणि रांजण सहज आठवतात. राहून जातात त्या लहानसहान जागा. कुंडीखालची ताटली, शीतकपाटाच्या मागील पन्हळ, कूलरची टांकी, परसांतील करवंट्या व जुने टायर, छपराचें तुंबलेलें पन्हळें, आणि विशेषतः चिमण्यांसाठीं व कुत्र्यासाठीं आपण दयाबुद्धीनें भरून ठेवलेलें पसरट भांडें! मुक्या जिवांना पाणी अवश्य ठेवावें. परंतु तें रोज बदलावें, म्हणजे दया एकावर आणि संकट दुसऱ्यावर असें होणार नाहीं. मोठा हौद रिकामा करणें शक्य नसेल तर त्यांत गप्पी मासे सोडावे. ते डांसाच्या अळ्या आवडीनें खातात.

माशी आणि झुरळ ह्यांचा विचार थोडक्यांत करूं. माशी पायांनीं चव घेते आणि घन पदार्थ तिला चावतां येत नाहीं. म्हणून ती त्यावर आपली लाळ ओकते, तो विरघळविते व शोषून घेते. उकिरड्यावरून उठून ती पोळीवर बसते तेव्हां काय घडतें, हें अधिक वर्णन करण्याची आवश्यकता नाहीं. अन्न झांकावें, कचऱ्याच्या पेटीस झांकण असावें, आणि पेटी रोजच्या रोज रिकामी व्हावी. झुरळ अन्नावांचून पुष्कळ दिवस तग धरतें, परंतु पाण्यावांचून तें लवकर मरतें. म्हणून निजण्यापूर्वीं मोरी कोरडी करणें व उष्टीं भांडीं रात्रभर न ठेवणें हा त्याच्यावर मोठाच मारा होय. कपाटाच्या कोनाड्यांत राजम्याच्या दाण्यासारखी तपकिरी डबी सांपडली तर ती झुरळाची अंड्यांची पेटी आहे असें समजून नष्ट करावी.

ढेंकणाविषयीं बोलतांना एक निराळीच गोष्ट सांगावयाची आहे. ढेंकणास पंख नसतात. तो ट्रंकांतून, वळकट्यांतून व आगगाडीच्या बांकांवरून प्रवास करितो. दिवसां खाटेच्या सांध्यांत व गादीच्या शिवणींत लपतो आणि महिनेच्या महिने उपाशी राहूं शकतो. डी.डी.टी. ह्या द्रव्याचा कीटकनाशक गुण १९३९ सालीं पॉल म्यूलर ह्यांनीं शोधून काढला व त्याबद्दल त्यांस १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां आतां किड्यांची सद्दी संपली असें सर्वांस वाटलें होतें. परंतु थोड्याच वर्षांत माश्या, डांस आणि ढेंकूण ह्यांच्या अशा पिढ्या निपजल्या कीं त्यांस तें विष बाधेनासें झालें. उष्णतेला मात्र ढेंकूण अद्याप सरावलेला नाहीं. खाटेच्या सांध्यांत उकळतें पाणी ओतणें, चादरी व उशांचे अभ्रे कढत पाण्यांत धुणें, आणि हें काम दर आठवड्यास चिकाटीनें करणें, हाच मार्ग होय. वसतिगृहांत एकाच्या वळकटींत ढेंकूण निघाला, किंवा वर्गांत एखाद्या मुलीच्या केसांत ऊ दिसली, म्हणजे इतर मुलें नाकें मुरडतात व त्या बिचाऱ्याचें जिणें कठीण करितात. ऊ उडी मारीत नाहीं; डोक्यास डोकें लागून ती पसरते, आणि धुतलेल्या केसांतहि ती तितक्याच सुखानें राहते. हा घाणेरडेपणाचा अगर गरिबीचा पुरावा मुळींच नाहीं. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी नित्य फिरविली कीं उवा जातात. परंतु सोबत्याच्या मनास लागलेला टोमणा कोणत्याहि फणीनें निघत नाहीं.

आतां ज्यांस आपण होऊन घरांत घेतों त्या प्राण्यांकडे वळूं. कुत्र्यामांजरांबरोबर पिसवा येतात. पिसू हा क्षुद्र प्राणी खरा. परंतु १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला आणि त्यानें सारा प्रांत हादरून सोडला, त्याचें वाहन तोच होता. डॉ. हाफकीन ह्यांनीं मुंबईंतच प्लेगाची लस तयार करून १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. आणि उंदराच्या अंगावरील पिसवांच्या द्वारें रोग पसरतो हें सीमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरांनीं १८९८ सालीं कराचीस प्रयोगानें दाखविलें. पिसू कुत्र्याच्या अंगावर अंडीं घालते, पण तीं घरंगळून त्याच्या अंथरुणांत व फरशीच्या भेगांत पडतात. तेथेंच अळ्या वाढतात व कोष करून स्वस्थ बसतात. कोणाच्या पावलांचा हादरा बसला कीं कोषांतून पिसू बाहेर उडी घेते. सुट्टीभर बंद असलेलें घर उघडतांच पिसवांचा हल्ला होतो त्याचें कारण हेंच. म्हणून जनावराला न्हाऊं घालून काम संपत नाहीं; त्याचें अंथरूण दर आठवड्यास गरम पाण्यानें धुवावें व भेगा नीट झाडाव्या. औषध घालावयाचें तें पशुवैद्यास विचारूनच घालावें. कुत्र्यासाठीं असलेल्या कांहीं औषधांनीं मांजर मरतें. तसेंच फरशी फिनेलनें पुसली असतां मांजर आपले पंजे चाटतें व तें विष त्याच्या पोटांत जातें; तें पचविण्याची शक्ति त्याच्या शरीरांत फारशी नसते.

मांजर खुर्चीची गादी ओरबाडतें तें खोडसाळपणानें नव्हे. नखांवरील जुनें कवच त्यास काढून टाकावयाचें असतें, व पंजांतील ग्रंथींचा वास लावून ही जागा आपली आहे असें त्यास जाहीर करावयाचें असतें. मारल्यानें ही उपजत बुद्धि जात नाहीं. त्या खुर्चीशेजारींच एका खांबास तरटाचें पोतें घट्ट गुंडाळून द्यावें. मांजर हळूहळू तिकडे वळतें. दिवसभर सांखळीनें बांधलेलें कुत्रें रात्रभर भुंकतें, ह्यांतहि नवल नाहीं. त्यास सकाळ-संध्याकाळ फिरवून आणावें. थकलेलें व समाधानी कुत्रें स्वतः झोंपतें आणि शेजाऱ्यांसहि झोंपूं देतें.

शेवटीं एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं काळजावर कोरून ठेवावी. कुत्रें वा मांजर चावलें, अथवा त्याचें नख लागून रक्त आलें, तर तें कितीहि ओळखीचें असो, जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. मिरची, चुना, तेल, हळद ह्यांपैकीं कांहींएक लावूं नये. जलसंत्रासाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी बहुधा वांचत नाहीं. परंतु तीं दिसण्यापूर्वीं लस वेळेवर घेतली तर तो वांचतो. १८८५ सालीं पाश्चर ह्यांनीं जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास ही लस देऊन त्याचे प्राण वांचविले. डॉक्टर सांगतील तितक्या सुया सर्व घ्याव्या. एकहि चुकवूं नये. पाळलेल्या कुत्र्यास पशुवैद्य सांगेल त्या मुदतीस लस टोंचावी.

मुलांनो, गल्लींतील पिलाशीं खेळतांना दांत लागला आणि घरीं रागावतील म्हणून तुम्ही तो लपविला, तर त्या भीतीची किंमत फार मोठी पडेल. आणि पालकहो, मूल सांगावयास आलें असतां प्रथम त्याची जखम धुवावी. रागावणें उद्यांवर टाकावें. ज्या घरांत मुलाला खरें सांगण्याची भीति वाटत नाहीं तें घर अर्धें सुरक्षित आहे.

देवानें मनुष्यास इतर प्राण्यांवर सत्ता दिली, ती राखणदाराची सत्ता आहे. राखणदारास आपल्या राखणींतील प्रत्येकाची संवय ठाऊक असावी लागते. येत्या सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घराभोंवतीं एक फेरी घालावी, पाणी सांचलेल्या जागा मोजाव्या, आणि त्या आपल्या हातानें कोरड्या कराव्या. परीक्षेंत ह्या कामास गुण मिळत नाहींत. परंतु घरांतील धाकटें भावंड पावसाळाभर तापानें न फणफणतां खेळत राहिलें, तर त्याहून मोठें बक्षीस आम्हांस ठाऊक नाहीं.