परसबागेतील मित्रकीटक

परसातील वालाच्या शेंड्यांवर मावा दिसू लागताच त्यावर औषध फवारण्याची घाई केली जाते. फवारणीने मावा मरतो. परंतु थोड्याच दिवसांत तो पुन्हा, आणि पुष्कळदा पूर्वीपेक्षा अधिक जोमाने, वाढलेला आढळतो. याचे कारण असे की, औषधाने माव्याबरोबर त्याला खाणारे कीटकही नष्ट होतात. माव्याची मादी नराशिवायच पिलांना जन्म देते, त्यामुळे त्याची संख्या झपाट्याने वाढते. मित्रकीटकांची वाढ त्या मानाने सावकाश होते. शिवाय परसातील भाजी तोडल्याबरोबर चुलीवर चढते, हेही विसरता कामा नये. म्हणून फवारणीचा विचार करण्यापूर्वी पाने उलटून पाहावीत.

मित्र कसे ओळखावेत?

ढालकिडा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची पाठ गोलाकार व चकचकीत असून नारिंगी वा तांबड्या रंगावर काळे ठिपके असतात. त्याची अळी मात्र लांबट, काळसर व नारिंगी ठिपक्यांची असते. ती कीड समजून चिरडली जाते; वस्तुतः आपल्या वाढीच्या काळात ती शेकडो मावा फस्त करते. क्रायसोपाची अंडी केसासारख्या बारीक देठांवर एकेकटी उभी दिसतात. त्याची अळी मावा व फुलकिडे यांचा रस शोषून घेते. फुलांवर हवेत एका जागी स्थिर राहणारी सिरफिड माशी मध खाते, पण तिची बिनपायाची अळी मावा खाते. माव्यात काही किडे फुगीर व भुरे झालेले दिसले, तर त्यांच्या पोटात लहान गांधीलमाशीचे पिलू वाढत आहे असे समजावे.

वांग्यावरील ठिपक्यांचा भुंगेरा ढालकिड्यासारखाच दिसतो. मात्र तो मंद रंगाचा, बारीक लव असलेला असतो. त्याची पिवळी, काटेरी अळी पानांचा हिरवा भाग खरवडून खाते. हा शत्रू होय. त्याची अंडी व अळ्या वेचून नष्ट कराव्यात.

मित्रकीटकांचे सामर्थ्य

२००८ साली तामिळनाडूत कोइमतूर येथे पपईवरील पिठ्या ढेकूण ही परदेशी कीड आढळली. अंगावरील मेणचट आवरणामुळे ती औषधांना सहज दाद देत नसे. तिचा प्रसार महाराष्ट्रातही झाला. २०१० साली प्वेर्तो रिको येथून तिच्यावर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या आणून, त्यांची वाढ करून, त्या बागांतून सोडण्यात आल्या. त्यानंतर ही कीड आटोक्यात आली. मात्र जेथे विषारी औषधांची फवारणी चालू राहील, तेथे अशा माश्या टिकणार नाहीत.

मित्रांना आश्रय द्यावा

कोथिंबीर, बडीशेप व मोहरीची काही रोपे फुलावर येऊ द्यावीत. त्यांच्या मधावर व परागावर मित्रकीटकांचे पोषण होते. बेडूक व पाल यांना मारू नये, कोळ्यांची जाळी निष्कारण काढू नयेत. हे सर्व प्राणी किडी खातात. बेडकांसाठी सावलीत ओलसर जागा राखावी. मावा असलेल्या रोपावर मुंग्यांची रांग दिसल्यास ती थांबवावी, कारण मुंग्या गोड चिकट द्रवासाठी माव्याचे रक्षण करतात व ढालकिड्यांना पळवून लावतात.

मावा थोडा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊन काढावा. गरज पडल्यास निंबोळीची ५० ग्रॅम पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, तो अर्क सायंकाळी फक्त कीड असलेल्या भागावर फवारावा. मित्रकीटक असलेली पाने मात्र सोडून द्यावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे कीटक एखाद्या परसबागेत कुटुंबातील स्त्री-पुरुषांना प्रत्यक्ष दाखवावेत. एकदा मित्र ओळखीचा झाला, की त्याच्यावर विष टाकण्यापूर्वी हात आपोआप थांबतो.