अकरा वाजताचा समुद्र

ग्वाल्हेरला हरिशंकरपुरममध्ये बसून मोबाईलवर हर्णैचा किनारा पाहायचा मला नाद आहे. उपग्रहाच्या चित्रात सुवर्णदुर्ग, खडक, वाळू सगळं नीट दिसतं. फक्त बंदराचा कारभार दिसत नाही. वाळूवरचा मासळीचा लिलाव नाही, होड्यांतला माल आणायला पाण्यात शिरणाऱ्या बैलगाड्या नाहीत. लिलाव सकाळी लवकर, नाहीतर संध्याकाळी. लँडसॅट, सेंटिनेल-२ यांसारखे उपग्रह मात्र डोक्यावरून जातात ते अकराच्या सुमारास. तेव्हा वाळू मोकळी असते, आणि मोकळी जागा कागदावर पडीक व्हायला वेळ लागत नाही.

खरी गंमत भरती-ओहोटीची. कोकणातला ढोबळ हिशेब असा, की तिथीच्या पाऊणपट भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे अकराला पाणी चढलेलं. सगळ्यात खोल ओहोटी त्या दिवसांत पहाटे पाच-सहाला, नाहीतर संध्याकाळी. अकराला ओहोटी गाठायची तर सप्तमी-अष्टमी हवी. पण तेव्हा भांग, पाणी हटतं ते जेमतेम. उधाणाच्या ओहोटीत उघडे पडणारे खडक, जिथे बायका कालवं काढतात, ते या उपग्रहांना वर्षानुवर्षं चित्रं काढूनही दिसायचे नाहीत.

म्हणून गावाने स्वतः काढलेल्या नकाशाला मोल आहे. कायद्यातही गावपातळीच्या नकाशाला जागा आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार कोळीवाडे, मच्छीमारांच्या सामायिक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी वाळवायच्या जागा गावपातळीच्या नकाशावर दाखवायच्या ठरल्या. प्रमाण सुमारे १:३९६०, म्हणजे एक सेंटिमीटरला जवळपास ४० मीटर. मासळी वाळवायचं वीस मीटरचं खळं त्यात अर्धा सेंटिमीटर भरतं. जिल्ह्याच्या १:२५,००० च्या नकाशात तेच खळं एक मिलिमीटरही होत नाही. पेन्सिलीचं टोक टेकलं की संपलं. पुढे २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० वर आणला. पट्टा अरुंद झाला की वाळवणाच्या जागेवर घर की हॉटेल, हा प्रश्न लगेच दाराशी येतो.

बोंबील वाळवायचा बांबूचा सांगाडाच घ्या. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते आडव्या बांबूवर टाकतात. पावसाळ्यात मासे नसतात, सांगाडेही बहुधा उतरवलेले. जूनमध्ये मोजणीला आलेल्या माणसाला तिथे काय दिसणार?

तेव्हा जीपीएस घेऊन फिरताना अक्षांश-रेखांशाबरोबर महिना, तिथी आणि वेळ हे तीन रकाने वाढवायला हवेत. ते भरायला सर्वेक्षकापेक्षा कालवं काढणारी बाई बरी. 'अमावास्या, संध्याकाळी सहा, कोयती घेऊन' एवढी नोंद ती चालता चालता सांगेल.