कुमारवयीन ॲनोरेक्सिया नर्व्होसावरील मानसोपचारपद्धती : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :

‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ या संज्ञेचा ‘क्षुधानाश’ असा शब्दशः अनुवाद केल्यास दिशाभूल होते. बहुतेक रुग्णांची भूक नष्ट झालेली नसते. ती निग्रहाने दडपलेली असते. वजन धोकादायक पातळीखाली गेले तरी वजनवाढीचे भय ओसरत नाही आणि आपल्या कृशतेचे गांभीर्य रुग्णास उमगत नाही. मानसिक विकारांपैकी सर्वाधिक मृत्युदर असलेल्या विकारांत याची गणना होते. कुमारवयात शरीराची वाढ चालू असल्याने उपचारातील विलंब अधिक महाग पडतो. म्हणूनच कोणती उपचारपद्धती आधी अवलंबावी, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

कुटुंबाचे स्थान :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचे वैद्य सर विल्यम गल यांनी या विकारास आजचे नाव दिले. रुग्णाची शुश्रूषा करण्यास आप्तस्वकीय सर्वांत अपात्र असतात, असे त्यांचे मत होते. अमेरिकेत साल्व्हादोर मिनुशिन यांनी १९७० च्या दशकात कुटुंबाला उपचारकक्षात आणले खरे. परंतु कुटुंबातील अतिसंरक्षण, ताठरपणा व संघर्ष टाळण्याची वृत्ती यांतच विकाराचे मूळ शोधले. आईवडिलांवरील दोषारोप त्यामुळे टळला नाही.

लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील संशोधकांनी मात्र वेगळी वाट धरली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्यांचा विकार लहान वयात सुरू होऊन तीन वर्षांहून अधिक जुना झालेला नव्हता, अशा रुग्णांना वैयक्तिक उपचारांपेक्षा कौटुंबिक उपचारांचा लाभ अधिक झाल्याचे आढळले. हा गट अवघ्या २१ रुग्णांचा होता, हे विसरता कामा नये. यातून विकसित झालेल्या पद्धतीत कारणमीमांसा बाजूला ठेवली जाते. विकार हा मुलापासून वेगळा मानला जातो. आहाराची सूत्रे प्रारंभी पालकांच्या हाती असतात, वजन सावरल्यावर ती क्रमाने मुलाकडे परत दिली जातात आणि अखेरीस वयसुलभ प्रश्नांकडे वळले जाते.

तुलनात्मक अभ्यास :

या संदर्भात २०१० चा स्टॅनफर्ड व शिकागो येथील अभ्यास वारंवार उद्धृत होतो. १२ ते १८ वयोगटातील १२१ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून कौटुंबिक उपचार व कुमारकेंद्री वैयक्तिक उपचार यांची तुलना करण्यात आली. दोन्ही गटांना वर्षभरात २४ तासांचे उपचार मिळाले. उपचारांती पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ व २३ टक्के होते. तथापि हा फरक सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ ठरला नाही. आणखी एका वर्षानंतर ते ४९ व २३ टक्के झाले आणि तेव्हा फरक सार्थ ठरला. कौटुंबिक उपचारांचे श्रेष्ठत्व सांगणारे लेखक बहुधा दुसरी आकडेवारी देतात व पहिली गाळतात. शिवाय निकष कठोर असला, तरी या उपचारांनंतरही निम्म्याहून अधिक मुले पूर्णतः बरी झाली नव्हती, ही बाब प्रस्तुत लेखकास अधिक चिंतनीय वाटते.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेलबर्न येथील अभ्यासाने एक अनपेक्षित मुद्दा पुढे आणला. १०७ कुमारवयीन रुग्णांपैकी ज्यांच्या केवळ पालकांशी उपचारक भेटले, त्यांच्यात उपचारांती बरे होण्याचे प्रमाण ४३ टक्के होते. संपूर्ण कुटुंबास एकत्र बसविलेल्या गटात ते २२ टक्के होते. वर्षभरानंतर मात्र हा फरक सार्थ उरला नाही. ज्या घरात आई मुलीवर सतत टीका करते, तेथे सर्वांना एकत्र बसविणे हितावह नसते, असे लंडनच्या संशोधकांनी २००० मध्येच नोंदविले होते.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुमारांसाठी कौटुंबिक उपचार प्रथम सुचवावेत. ते अमान्य, अयोग्य वा निष्फळ ठरल्यास बोधात्मक वर्तनोपचार किंवा कुमारकेंद्री उपचार द्यावेत.

भारतीय संदर्भात मापनाचा एक प्रश्न उरतो. २०१० च्या अभ्यासात ‘बरे होणे’ हे वजनासोबत शरीराकृतीविषयीच्या विचारांवरूनही ठरविले होते. १९९५ मध्ये भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी वृत्तांत प्रसिद्ध केलेल्या पाच तरुणींत अन्नत्याग व तीव्र वजनघट होती, परंतु शरीरप्रतिमेची विकृती आढळली नव्हती. अशा रुग्णास त्या मोजपट्टीने आजारी तरी कितपत म्हणता येईल? पालकांनी ताटाजवळ बसून मुलीला जेवू घालण्याचा उपाय मात्र त्या मोजपट्टीवर अवलंबून नाही.