वर्गणीवर चालणारं सॉफ्टवेअर कुठे गळतं?

नवी मुंबईतल्या वाशी स्थानकावरच्या इंटरनॅशनल इन्फोटेक पार्कमध्ये आयरिस बिझनेस सर्व्हिसेस या नावाने सुरू झालेल्या कंपनीचं कार्यालय आहे. 2000 साली स्थापन झालेली ही कंपनी 2017 मध्ये बीएसईच्या एसएमई मंचावरून शेअर बाजारात आली. तिचं ‘आयरिस कार्बन’ हे सॉफ्टवेअर कंपन्यांचे आर्थिक अहवाल एक्सबीआरएल या संगणकाला वाचता येणाऱ्या स्वरूपात तयार करून देतं. वर्गणी भरायची आणि इंटरनेटवरून ते वापरायचं, असा हा व्यवहार. अशा धंद्यात पैसा नेमका कुठून निसटतो, हे समजून घ्यायला नवी मुंबई चांगली जागा आहे.

ग्राहक मिळवायचा खर्च आधी होतो आणि वसुली हप्त्याहप्त्याने होते, ही या धंद्याची मूळ अडचण. समजा, एक ग्राहक मिळवायला जाहिरात, विक्रेत्याचा पगार, फेऱ्या असे 12,000 रुपये गेले. तो महिन्याला 1,000 रुपये देतो. त्यातले 300 सर्व्हर आणि मदतकक्षावर जातात, 700 उरतात. म्हणजे घातलेले पैसे सुटायलाच सतरा-अठरा महिने लागतात. त्याआधी ग्राहक गेला तर तो व्यवहार तोट्यात गेला.

आता गळती धरू. दरमहा 3 टक्के ग्राहक सोडून गेले तर एक ग्राहक सरासरी 33 महिने टिकतो आणि त्याच्याकडून सुमारे 23,000 रुपये हाती येतात. गळती 5 टक्के झाली की तो 20 महिने टिकतो, हाती 14,000 येतात आणि खर्च वजा जाता जेमतेम 2,000 उरतात. 6 टक्क्यांना सगळा धंदाच तोट्यात. तीन आणि सहा टक्के यांतला फरक महिन्याच्या अहवालात किरकोळ वाटतो. वरून नवे ग्राहक येत असतील तर एकूण आकडा वाढताच दिसतो आणि दुखणं उशिरा कळतं. माझ्या मते या धंद्यातला सर्वांत मोठा धोका हाच आहे. सर्व्हर बंद पडला तर पाच मिनिटांत बोंब होते. गळतीची कुणी बोंब मारत नाही.

काही ग्राहक तर सोडायची इच्छा नसतानाही जातात. कार्डाची मुदत संपते, खात्यात पैसे नसतात, हप्ता वळता होत नाही. रिझर्व्ह बँकेचे ई-मॅन्डेटचे नियम ऑक्टोबर 2021 पासून लागू झाले. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला ग्राहकाची नोंदवलेली संमती आणि 24 तास आधी सूचना बंधनकारक झाली. 5,000 रुपयांवरच्या प्रत्येक वसुलीला ओटीपी लागू लागला. ही मर्यादा जून 2022 मध्ये 15,000 झाली. ग्राहकाच्या दृष्टीने नियम योग्यच होते. पण ज्या कंपन्यांनी जुन्या ग्राहकांची संमती वेळेत नव्याने नोंदवून घेतली नाही, त्यांची वसुली थांबली.

वर्षाची वर्गणी आगाऊ घेतली तर हा त्रास कमी होतो, पण दुसरा सुरू होतो. मासिकाने वर्षाची वर्गणी घेतली की ते बारा अंक देणं लागतं, तसंच इथे. बँकेत 12 लाख जमा झाले तरी पहिल्या महिन्याची कमाई एक लाखच. उरलेले 11 लाख ताळेबंदात देणं म्हणून दिसतात. तो पैसा नव्या भरतीत उडवला आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण आलं नाही, तर पगार कुठून द्यायचे?

सर्व्हरचा धोका नवी मुंबईला वेगळा सांगायला नको. महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत. 12 ऑक्टोबर 2020 ला पारेषणातल्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. अशा वेळी जनरेटर सावरून घेतात, पण मूळ प्रत आणि बॅकअप एकाच आवारात असतील तर जनरेटर पुरत नाही. फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गच्या ओव्हीएच डेटा सेंटरला 10 मार्च 2021 ला आग लागली, तेव्हा तिथेच बॅकअप ठेवणाऱ्या ग्राहकांची माहिती कायमची गेली. ॲमेझॉनने मुंबईत 2016 मध्ये आणि हैदराबादला 2022 मध्ये क्लाउड केंद्रं सुरू केली, त्यामुळे दुसरी प्रत देशातच पण दूर ठेवता येते. त्याचं बिल मात्र वाढतं आणि ते वर्गणीत धरावं लागतं. माहिती चोरीला गेलीच, तर 2022 च्या निर्देशांनुसार सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं.

आयरिससारख्या कंपनीचा खास धोका कायद्याच्या वेळापत्रकाशी बांधलेला असतो. अहवाल सादर करणं सक्तीचं असल्याने ग्राहक सहसा सॉफ्टवेअरविना राहू शकत नाही. ही मोठी जमेची बाजू. पण तारीख सरकारच्या हातात. युरोपात सूचीबद्ध कंपन्यांना 2020 पासूनच्या वर्षांचे अहवाल एक्सबीआरएलवर आधारित नव्या स्वरूपात द्यायचे होते. कोविडमुळे सदस्य देशांना ते वर्षभर पुढे ढकलायची मुभा मिळाली. अशा वेळी ग्राहक खरेदी लांबवतो, विकणाऱ्याने मात्र माणसं आधीच नेमलेली असतात. शिवाय अहवालातल्या प्रत्येक आकड्याला जोडायच्या संज्ञांची यादी नियामक वेळोवेळी बदलतात, आणि ती सॉफ्टवेअरमध्ये बसवून, तपासून, अहवालांचा हंगाम सुरू होण्याआधी तयार ठेवावी लागते. ग्राहक दहा असोत वा हजार, हा खर्च तेवढाच येतो.