डाळिंबाची साल आणि द्रावकाची निवड

सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथलंच, २००५ पासूनचं. पण आज दाण्यांबद्दल नाही, सालीबद्दल बोलू. फळ तडकलं, तेल्या रोगाचे डाग पडले, की भाव गेला. रस काढणाऱ्या युनिटांत सालीचे ढीग उरतात. त्या सालीतून शेतकऱ्याच्या हाती काही पडेल का, हा खरा प्रश्न आहे.

सालीत प्युनिकॅलाजिन नावाचं टॅनिन वर्गातलं संयुग भरपूर असतं. ते अँटिऑक्सिडंट आहे. ते बाहेर काढायला द्रावक लागतो. तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे बघा: चहा पाण्यात उतरतो, हळदीचा रंग तेलात उतरतो. जसा पदार्थ, तसा द्रावक.

प्रयोगशाळेत अनेकदा मिथेनॉल वापरतात, तेलासाठी हेक्झेन. काम चोख होतं. पण मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि हेक्झेनची वाफ रोज छातीत गेली तर कामगाराच्या नसांना इजा होते. अर्क खाण्यात जाणार असेल, तर त्यात हे उरता कामा नये. अनास्टास आणि वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. सुरक्षित द्रावक वापरा, हे त्यांतलं एक.

मग पर्याय काय? पहिला, पाणी. प्युनिकॅलाजिन पाण्यात विरघळतं. पण फार वेळ उकळलं तर ते तुटून एलॅजिक आम्ल बनतं, आणि ते पाण्यात नीट विरघळत नाही. शिवाय पाणी उडवायला उष्णता फार लागते: किलोमागे सुमारे २२६० किलोज्यूल. इथेनॉलला सुमारे ८४०. म्हणजे नुसतं पाणी वापरलं की झालं हिरवं, असं नाही. इंधनाचं बिलही बघावं लागतं.

दुसरा पर्याय, पाणी आणि इथेनॉल यांचं मिश्रण. पाण्यानं साल फुगते, अल्कोहोल आत शिरून संयुगं ओढून आणतं. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. मळीपासून अल्कोहोल इथं बनतंच. बंद यंत्रणेत ते थंड करून परत वापरता येतं. मात्र ते पेट घेतं आणि त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, हे विसरू नका.

तिसरा, कार्बन डायऑक्साइड. ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबाच्या पुढे तो वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. दाब सोडला की उडून जातो, मागे काही उरत नाही. पण त्यात तेलं उतरतात, टॅनिन नाही. म्हणजे डाळिंबाच्या बियांच्या तेलाला तो उत्तम. सालीसाठी एकटा उपयोगाचा नाही. यंत्रही महाग.

शेवटी एक सावधगिरी. फवारणीचे अंश सालीवरच जास्त राहतात, आणि अर्क आटवताना तेही आटून दाट होऊ शकतात. द्रावक कितीही स्वच्छ असला तरी साल स्वच्छ हवी. त्यामुळे गटानं युनिट टाकायचा विचार असेल, तर यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी आपल्या सालीची अंश-तपासणी करून घ्या. तिथूनच सुरुवात करा.