सौंदर्यशस्त्रकर्माचे पूर्वकर्म : रक्तधातूची परीक्षा

सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग केले आहेत. त्यांनी वर्णिलेले नासासंधान पुण्याच्या परिसरात अठराव्या शतकाच्या अखेरीसही होत असे. कावसजी नामक गाडीवानाचे छाटलेले नाक कपाळाच्या त्वचेने पुन्हा घडविल्याचा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये १७९४ साली प्रसिद्ध झाला.

कावसजीचे शस्त्रकर्म विरूपतेच्या निवारणासाठी होते. आज बाळंतपणानंतर सैल झालेली पोटाची त्वचा काढणे, चरबी शोषून घेणे, स्तनांचा आकार कमी करणे अशी शस्त्रकर्मे रुग्ण स्वेच्छेने करवून घेतात. पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील सुप्यासारख्या गावातून मोठ्या शहरातील शल्यकापर्यंत पोहोचणे आता अवघड राहिलेले नाही. अशा वेळी परिचित वैद्याने पूर्वकर्माची आठवण देणे अगत्याचे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्ताल्पता होती. पांडुरोगी रुग्णास शस्त्रकर्मातील रक्तस्राव सोसत नाही. बाहेरून रक्त देण्याची वेळ येण्याचा, तसेच व्रणरोपण लांबण्याचा धोका वाढतो.

म्हणून शस्त्रकर्माच्या सहा ते आठ आठवडे आधी हिमोग्लोबिन व फेरिटिन तपासावे. स्त्रियांत १२ व पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन ही रक्ताल्पता होय. हिमोग्लोबिन प्राकृत असूनही फेरिटिन ३० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास लोहाचा साठा रिता आहे असे समजावे. शोथ असता फेरिटिन वाढलेले दिसते, हे ध्यानी ठेवावे.

प्रथम निदानपरिवर्जन. अत्यार्तव, रक्तार्श, कृमी यांचा शोध घ्यावा. त्यानंतर अग्निबल पाहून नवायस लोह, पुनर्नवा मंडूर वा धात्री लोह यांची योजना करावी. रुग्ण लोहाच्या गोळ्या घेत असल्यास दोन्ही एकत्र देऊ नयेत. आमलकी, लिंबू यांनी आहारातील लोहाचे शोषण सुधारते. जेवणासोबतचा चहा ते रोखतो. चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. हिमोग्लोबिन वाढत नसल्यास थॅलेसेमियाचा वाहकभाव वा शोषणातील दोष असू शकतो. केवळ मात्रा वाढवीत राहू नये. अवधी अल्प असल्यास शिरेतून लोह देण्याचा निर्णय शल्यक व भूलतज्ज्ञांवर सोपवावा.

चालू असलेल्या सर्व औषधांची लेखी यादी शल्यकाकडे पाठवावी. लसणाच्या कॅप्सूल, गुग्गुळ कल्प यांचा त्यात आवर्जून उल्लेख असावा, कारण रक्तस्रावाच्या दृष्टीने ती आधीच थांबविण्याचा सल्ला दिला जातो.

आत्ययिक शस्त्रकर्मात वेळ मिळत नाही. सौंदर्यशस्त्रकर्मात मात्र तो हाती असतो. तारीख ठरली, आगाऊ रक्कम भरली, घरचे लग्न जवळ आले, ही पांडुरोगासह शस्त्रकर्मास जाण्याची कारणे नव्हेत. अशा रुग्णास ‘दोन महिने थांबा’ असे स्पष्टपणे सांगणे हेही वैद्याचे कर्मच आहे.