वृद्धांच्या सेवा : खेडे आणि शहर

वृद्धांसाठी असलेले कायदे व योजना खेड्याला आणि शहराला एकच आहेत; परंतु त्यांचा लाभ मात्र सारखा मिळत नाही. याची कारणे कार्यकर्त्यांनी व विद्यार्थ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढील लोक सुमारे १०.४ कोटी होते. त्यांपैकी ७ कोटींहून अधिक खेड्यांत राहत होते. म्हणजे दहांतील सात वृद्ध खेड्यात आणि मोठ्या सोयी मात्र शहरात, अशी ही विषमता आहे.

प्रथम आरोग्य. नागपूरकरांना मेडिकल व मेयो ही मोठी सरकारी रुग्णालये जवळ आहेत. भिवापूर तालुक्यातील आजीला प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी मिळते. पण हृदयाचा मोठा विकार निघाला तर नागपूरच गाठावे लागते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एस.टी. मोफत झाली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु गाडी फाट्यावरूनच वळत असेल तर पुढे काय? शिवाय सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, ती वेगळीच.

दुसरा प्रश्न पैशाचा. शहरातील निवृत्त नोकरदाराला पेन्शन असते. शेतमजुराला तसा आधार नाही. ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. जुलै २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. पण जी कधी शाळेतच गेली नाही, तिने वयाचा पुरावा कोठून आणावा? खाते उघडले तरी अडचण संपत नाही. आयुष्यभर निंदण-कापणी करून बोटांचे ठसे झिजतात, यंत्र ते ओळखत नाही, आणि म्हातारी रिकाम्या हाताने परतते. अशा वेळी पासबुक घेऊन बँकेच्या शाखेत गेल्यास पैसे काढता येतात, हे तिला कोणी सांगत नाही.

शहरातही सर्व सुख आहे असे नाही. खेड्यात शेजारीण भाकरी आणून देते; शहरात बंद दारामागे कोण आजारी आहे, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पोटगीसाठी अर्ज करता येतो. १४५६७ ही मदतवाहिनीही आहे.

तात्पर्य, खेड्यात सेवेपर्यंत पोहोचणे कठीण आहे, तर शहरात माणसापर्यंत पोहोचणे. सुटीत गावी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका वृद्धाचा अर्ज भरून तहसील कार्यालयात पोहोचविला, तरी पुष्कळ काम होईल.